पंखा फिरतोय, पण डिस्प्ले नाही

मुंबईत कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, रिपेअरिंगच्या कुठल्याही काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहिलं, की "डिस्प्ले नहीं आ रहा" हे वाक्य कानावर पडतंच. पाठोपाठ आतून उत्तर येतं, "बोर्ड गया." हे उत्तर इतक्या सहज दिलं जातं आणि इतक्या सहज मान्य केलं जातं, की त्यापायी चांगले चालू मदरबोर्ड, म्हणजे प्रोसेसर, रॅम वगैरे सगळं ज्यावर बसतं ते मुख्य बोर्ड, भंगारात जातात. आमच्या खेतवाडीतल्या एका बोर्डाचं तेच होणार होतं. तो कसा वाचला ते सविस्तर लिहिते, कारण जुन्या कॉम्प्युटरला जरा बरा प्रोसेसर टाकू पाहणारे लोक आजही पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेच जण नेमके इथेच अडकतात.

कॉम्प्युटर आमच्या गल्लीतल्या प्रेसवाल्या भाऊंचा. छपाईचं मशीन केव्हाच गेलं, नाव तेवढं राहिलं. आता फक्त डीटीपी. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, आणि वर्षातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे गणेशोत्सव मंडळांचे अहवाल. जमाखर्च, वर्गणीदारांची यादी, पदाधिकाऱ्यांचे फोटो, पानंच्या पानं जाहिराती, आणि हे सगळं आषाढ-श्रावणात एकदम येऊन पडतं. भाऊ पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर काम करतात, जे २००१ साली आलं. मराठी फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या काळातला, त्याचा कीबोर्ड बोटांत बसलेला, आणि त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) यूएसबीला लावलेलं. विंडोज ७, ३२ बिट. नेट मुद्दामच जोडलेलं नाही. "नवा घेऊन टाका की" असं त्यांना कितीतरी जण सांगतात. पण मंडळं येऊन मागच्या वर्षीचीच फाइल काढायला सांगतात, त्यातली नावं आणि आकडे बदलून घेतात. वर्षानुवर्षांचे ते अहवाल युनिकोडमध्ये आणायचे तर एकेक जोडाक्षर तपासत बसावं लागेल. तो कॉम्प्युटर आहे तसा चालू राहणं ही भाऊंची गरज आहे आणि मला ती पूर्ण पटते.

आत बोर्ड एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डाचा कारभार बघणारी चिप), २०११ च्या सुमाराचा. प्रोसेसर पेंटियम जी६२०, दोन कोर, २.६ गिगाहर्ट्झ. पत्रिकेपुरता तो पुरायचा. पण चाळीस-पन्नास फोटो असलेल्या अहवालाची पीडीएफ काढायला घेतली, की भाऊ चहा पिऊन परत यायचे तरी पट्टी सरकतच असायची. त्यांच्या पुतण्यानं बाजारातून सेकंड हँड कोअर आय५-३४७० आणला. चार कोर, ३.२ गिगाहर्ट्झ. सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, तोच, एलजीए ११५५. निवड चांगली होती. त्यानं स्वतःच बसवला, बटण दाबलं, पंखा फिरला, दिवा लागला आणि मॉनिटरवर काहीच आलं नाही. मग त्यानं जुना पेंटियम परत लावला. तरीही काही नाही! कॅबिनेट घेऊन तो दुकानात गेला. तिथं बोर्ड गेल्याचं सांगितलं आणि नवा बोर्ड दाखवला.

भाऊ माझ्याकडे आले ते अहवालांच्या फाइली तरी निघतील का हे विचारायला. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फॉल्ट काढण्यात गेली. २०२० च्या जानेवारीअखेर स्वेच्छानिवृत्ती घेतली, पण हाताची सवय काही निवृत्त होत नाही. मी म्हटलं, "भाऊ, डिस्कला काही झालेलं नाही, फाइली कुठे जात नाहीत. आधी पोराला पाठवा."

पोरगा आला तोच खांदे पाडून. "काकू, जुना लावला तरी काळंच. म्हणजे बोर्डच गेला ना?"

"काय वाटलं ते नंतर. काय केलंस आणि काय दिसलं, ते क्रमानं सांग."

हा प्रश्न मी एक्स्चेंजमध्ये शिकले. समोरचा माणूस निष्कर्ष सांगत असतो, त्यातून घडलेलं वेगळं काढावं लागतं. त्याच्या सांगण्यातून दोन गोष्टी वर आल्या. नवा प्रोसेसर लावला तेव्हा काळं, आणि जुना परत लावल्यावरही काळं. सगळ्यांनी या दोन्हींचं कारण एकच धरलं होतं. मला वाटलं, दोन वेगळे फॉल्ट असतील तर? पहिल्या वेळचं कारण एक, आणि काढ-घाल करताना झालेलं दुसरं. लाइनवर एकावर एक बसलेले दोन फॉल्ट मी पुष्कळ पाहिलेत. एक काढला तरी लक्षण बदलत नाही, म्हणून माणूस हात टेकतो.

इथं जरा थांबून, बटण दाबल्यावर आत काय होतं ते सांगते, कारण ते माहीत असलं की काळा पडदा बोलायला लागतो. पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, व्होल्टेज स्थिर झाल्याची खूण बोर्डाला देतो. मग प्रोसेसर जागा होतो आणि पहिली सूचना बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चिपमधून उचलतो. त्या क्षणी रॅम वापरण्याजोगी नसते. बायोस आधी प्रोसेसर कोणता आहे हे विचारतो, त्याच्यासाठीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) चढवतो, मग रॅमचं मोजमाप करून ती चालू करतो, आणि हे सगळं झाल्यावर ग्राफिक्सची, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या भागाची, पाळी येते. म्हणजे मॉनिटरवर अक्षर उमटणं ही या रांगेतली बरीच उशिराची गोष्ट आहे. आणि पंखा? तो बोर्डाला वीज मिळाली की फिरतो. पंखा फिरला म्हणजे प्रोसेसर चालला, असं मुळीच नाही.

म्हणून मी पहिल्यांदा ऐकायची सोय करते. आताच्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये बीप देणारा छोटा स्पीकर नसतो. बोर्डावर त्याची जागा असते, चार पिनांची, तिथं 'स्पीकर' असं छापलेलं असतं. हा स्पीकर दोन वायरी आणि एक काळी डबी एवढाच असतो, अगदी स्वस्तात मिळतो. माझ्या डब्यात होता. जुना पेंटियम सॉकेटमध्ये ठेवला, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, डिस्क आणि डीव्हीडीच्या वायरी सोडवल्या आणि बटण दाबलं.

रॅम काढून चालू करणं ही परीक्षा मला फार आवडते. प्रोसेसर खरोखर बायोसचा कोड चालवत असेल, तर रॅम सापडत नाही म्हणून तो बीप देऊन तक्रार करतो. बीपचा नमुना कंपनीगणिक वेगळा असतो, पण आवाज आला की प्रोसेसर, त्याची वीज आणि बायोसची चिप, तिन्ही निदान जिवंत आहेत असं समजायचं आणि पुढे रॅमकडे वळायचं. आवाजच आला नाही तर अडचण रॅमच्या आधी आहे. रॅम खोडरबरनं घासत बसून तिथं काही उपयोग नाही. एरवी मुंबईत, त्यातही समुद्राजवळ, रॅमचे सोनेरी संपर्क दमट हवेनं मळतात आणि खोडरबर खरोखर कामाला येतं, हे मान्य. पण केव्हा घासायचं ते आधी कळायला हवं.

आवाज आला नाही. पूर्ण शांत.

मग वीज. बोर्डाच्या चोवीस पिनांच्या मोठ्या जोडणीखेरीज प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी जोडणी असते, चार किंवा आठ पिनांची, प्रोसेसरच्या शेजारी. ती लावायची राहिली किंवा अर्धवट बसली तरी लक्षण हेच: पंखा फिरतो, बाकी काही नाही. ती नीट बसलेली होती. मल्टिमीटर लावला, १२ च्या जवळ, आणि चालू असताना पडत नव्हतं. ११.४ ते १२.६ पर्यंत चालतं. बायोसची बॅटरी मोजली, ३ व्होल्टची सीआर२०३२, ती ठीक. तरी जंपरनं, म्हणजे बोर्डावरच्या दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीनं, बायोसचं सेटिंग पुसून घेतलं. फरक नाही.

राहिला सॉकेट. एलजीए पद्धतीत पिना प्रोसेसरवर नसतात, बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात, ११५५ केसासारख्या बारीक, एका बाजूला कललेल्या. प्रोसेसर बोटातून निसटून कोपऱ्यावर पडला किंवा तिरका टेकला, तरी एखादी पिन वाकते. कुठली वाकली त्यावर लक्षण ठरतं. काही पिना गेल्या तर रॅमचा एकच स्लॉट मरतो, काहींमुळे ग्राफिक्सचा स्लॉट, आणि काही वाकल्या तर प्रोसेसर जागाच होत नाही. नुसत्या डोळ्यांनी हे दिसत नाही. माझं भिंग कमी पडत होतं. भाऊ आत गेले आणि त्यांचं प्रेसचं भिंग घेऊन आले. ऑफसेटच्या प्लेटवरचे ठिपके तपासायचं, घडीचं, पितळी. प्रेस बंद झाल्यावरही त्यांनी ते जपून ठेवलं होतं.

बॅटरीचा उजेड वरून मारला तर सगळंच चमकतं. तो बाजूनं, जवळजवळ सपाट मारायचा. मग पिनांची टोकं रांगेत सारखी चमकतात आणि जिथं रांग मोडते तिथं नजर अडकते. भाऊंनीच पाहिलं. आयुष्यभर ठिपक्यांच्या रांगा पाहिलेला माणूस. "ताई, इथं, कडेपासून तिसऱ्या ओळीत, एक शेजारणीला टेकली आहे."

वीज काढली, बटण दाबून उरलीसुरली वीज सोडून दिली. लीड काढलेली यांत्रिक पेन्सिल घेतली. तिचं पोकळ टोक पिनेवर बसतं आणि पिन हळूच उचलता येते. सुईपेक्षा हे बरं, कारण सुई शेजारच्या पिनेत घुसते. शेजारच्या पिना ज्या दिशेला कलल्या आहेत त्याच दिशेला, तेवढीच उचलायची. पुढे-मागे करत राहायचं नाही. धातू थकून तुटला की तिथं मात्र बोर्ड खरोखर गेला. या कामाला घाई चालत नाही आणि पंखाही नको. पोरगा श्वास रोखून बघत होता. त्याला म्हटलं, बघून ठेव, पुढच्या वेळी तू करशील. प्रोसेसर सॉकेटमध्ये सरळ वरून सोडायचा, कडेच्या दोन खाचा जुळल्या की तो आपोआप बसतो, दाबावा लागत नाही, हेही त्याच्या हातानं करून घेतलं.

पेंटियम ठेवला, रॅम नाही, बटण. बीप, बीप. एवढ्याशा कर्कश आवाजाचा मला किती आनंद झाला ते काय सांगू! रॅम लावली आणि पडद्यावर बोर्डाच्या कंपनीचं चित्र आलं. भाऊ खाली बसले.

दुसरा फॉल्ट निघाला होता, पहिला अजून होताच. आय५-३४७० का चालला नाही? बायोसमध्ये जाऊन आवृत्ती आणि तारीख पाहिली. २०११. इथेच उत्तर होतं. एलजीए ११५५ या एकाच सॉकेटमध्ये इंटेलच्या दोन पिढ्या बसतात. सँडी ब्रिज २०११ च्या जानेवारीत आली, ३२ नॅनोमीटरची, नंबर २ नं सुरू होणारे, आय५-२४०० वगैरे. भाऊंचा जी६२० त्याच घराण्यातला. आयव्ही ब्रिज २०१२ च्या एप्रिलमध्ये आली, २२ नॅनोमीटरची, नंबर ३ नं सुरू होणारे. जो बायोस २०११ मध्ये लिहिला त्यात २०१२ च्या प्रोसेसरची ओळखच नाही. तो रॅमपर्यंतही पोचत नाही, मग पडदा कुठून लागणार? शिवाय एच६१ सारख्या सहाव्या मालिकेच्या बोर्डावर त्याच चिपमध्ये इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन म्हणून आणखी एक फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच लिहिलेला प्रोग्रॅम, असतं. आयव्ही ब्रिजसाठी तेही आवृत्ती ७ वरून ८ वर न्यावं लागतं. काही कंपन्या दोन्ही एकाच फाइलमध्ये देतात, काहींचं दोन टप्प्यांत करावं लागतं. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येकासमोर कुठल्या बायोसपासून तो चालतो ते लिहिलेलं असतं. आय५-३४७० त्या यादीत होता, नव्या आवृत्तीसमोर.

आणि म्हणूनच माझं कळकळीचं सांगणं आहे: जुना प्रोसेसर एक्स्चेंजमध्ये देऊ नका. बाजारात तो ताबडतोब मागतात, "पुराना दे दो, इतना कम कर देता हूँ." नवा चालत नसेल तर बायोस बदलायला चालणारा प्रोसेसर लागतो, आणि तुमच्या घरात तसा एकच असतो. ही अडचण खुद्द कंपन्यांनाही ठाऊक आहे. २०१८ मध्ये इंटेलची स्पर्धक एएमडी हिचे ग्राफिक्सवाले नवे रायझन प्रोसेसर आले तेव्हा जुन्या बायोसच्या बोर्डांवर ते चालू होईनात, म्हणून एएमडीनं ग्राहकांना बायोस बदलण्यापुरता एक साधा प्रोसेसर उसना देण्याची सोय केली होती.

बोर्डावर छापलेलं मॉडेल आणि त्याचा रिव्हिजन नंबर दोन्ही कागदावर लिहून घेतले, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनना वेगळ्या फाइली असू शकतात. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला, फाइल टाकली, कॉम्प्युटर यूपीएसवर लावला आणि बायोसमधल्याच सोयीनं ती चढवली. मध्ये कोणालाही बटणाला हात लावू दिला नाही. यात वीज गेली तर बोर्ड तिथेच अडकतो हे खरं, पण तेव्हाही तो गेला असं समजू नका. बायोसची चिप आठ पायांची असते, अनेक बोर्डांवर ती सॉकेटमधून उचलता येते, आणि लॅमिंग्टन रोडवर प्रोग्रॅमर लावून ती पुन्हा लिहून देणारे कारागीर बसलेले आहेत. चांगलं काम करतात.

आवृत्ती बदलल्याची खात्री पेंटियमवरच करून घेतली. मग आय५. पोरानं बसवला, मी फक्त बघितलं. पहिल्यांदा मशीन स्वतःहून बंद होऊन परत चालू झालं. असं झालं तर लगेच बटण दाबून बंद करू नका, थोडा वेळ द्या. मग नवा प्रोसेसर सापडल्याचा निरोप पडद्यावर आला.

हे सगळं करून पडदा काळाच राहिला असता, तर तिसरी शक्यता होती, आणि ती हल्ली सेकंड हँड बाजारात फार आढळते. काही प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसतं. याच सॉकेटचा झिऑन ई३-१२३० व्ही२ हा चार कोर, आठ थ्रेडचा उत्तम प्रोसेसर आहे, पण त्याच्यात ग्राफिक्स नाही. आय५-३३५०पी चं तेच. नंतरच्या पिढ्यांत आय५-९४००एफ सारखे 'एफ' वाले. असा प्रोसेसर लावून मॉनिटरची वायर बोर्डाला जोडली, तर बरेचदा सगळं चालू असतं आणि दिसत काहीच नाही. कीबोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का ते बघा. होत असेल तर मशीन चालू आहे, ग्राफिक्स कार्ड टाका.

सॉकेट जुळला म्हणजे प्रोसेसर चालेल, हे मात्र धरून चालू नका. ऑफिसांमधून निघालेल्या मशीनमध्ये क्यू६५, क्यू६७ किंवा बी६५ चिपसेट असतो. सॉकेट ११५५ च, पण आयव्ही ब्रिजला तिथं अधिकृत आधार नाही. त्यांच्यासाठी आय५-२४०० सारखा सँडी ब्रिजच घ्यावा. २०१७ मध्ये इंटेलची आठवी पिढी आली तेव्हाही सॉकेटला ११५१ च पिना होत्या, पण सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांवर ती चालत नाही. उलटही होतं: एएमडीच्या एएम४ बोर्डांवर चिपमधली जागा पुरेना म्हणून काही नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरची ओळख काढून टाकली. तिथं बायोस बदलण्याआधी टीप वाचावीच लागते, नाहीतर आत बसलेला प्रोसेसरच अनोळखी ठरतो.

भाऊंच्या मशीनवर दोन गोष्टी नंतर केल्या. जी६२० ची उष्णतेची मर्यादा ६५ वॅट, आय५-३४७० ची ७७, म्हणून प्रोसेसर आणि कूलरमधली, उष्णता वाहून नेणारी जुनी वाळलेली पेस्ट स्पिरिटनं पुसून नवी लावली आणि कूलरच्या चारही खुंट्या मागून पाहिल्या. एक अर्धीच बसली होती. पोराला रॅमही वाढवायची होती. त्याला थांबवलं, कारण ३२ बिट विंडोज ७ ला ४ जीबीच्या पलीकडची रॅम दिसतच नाही आणि तेवढी आधीच आहे. पेजमेकर स्वतः एकाच कोरवर चालतं, तरी नव्या कोरचा वेगच जास्त असल्यानं पानं चटकन उलटतात. शिवाय पीडीएफ निघत असताना भाऊ शेजारी फोटोशॉपमध्ये पुढच्या जाहिरातीचा फोटो कापत बसतात. आधी हे एका वेळी जमत नव्हतं.

पेंटियम पुठ्ठ्याच्या डबीत ठेवून डबी कॅबिनेटलाच चिकटवली आहे, वर बायोसची आवृत्ती लिहून. आता भाऊंना एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, हवी आहे. एच६१ वर डिस्कची जोडणी, साटा, सेकंदाला ३ गिगाबिटचीच आहे, तरी जुन्या फिरत्या डिस्कपेक्षा फरक भरपूर पडेल. पण त्याआधी सगळ्या अहवालांच्या दोन प्रती, एक पुतण्याकडे आणि एक माझ्या कपाटात. गणपती होऊन जाऊ देत, मग डिस्क काढू, असं ठरलं आहे.